छापां आव्यां

रेडिओ पाण्यात टाकला की लगेच बुडत नाही. आधी तरंगतो. हे मला पिंपावर झाकण ठेवून त्या झाकणावर बसल्यावर समजलं, कारण झाकण माझ्यासकट वर यायला लागलं. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची, अंगानं काडी. जोर केला की झाकण खाली जायचं, श्वास घेतला की वर यायचं. पिंपाच्या कडेनं पाणी ओघळत होतं आणि आतून बुडबुड आवाज येत होता, कुणीतरी गुळण्या कराव्यात तसा. मधल्या खोलीत मावशी पाय प्लास्टरमध्ये घालून खाटेवर पडली होती. तिथून ती दबक्या आवाजात ओरडली, "लपवलास का गं?" मी म्हटलं, "लपवला." "कुठं?" जिन्यावर पावलं वाजत होती. आमचा जिना थेट स्वयंपाकघरात उघडायचा. मी डोळे मिटले आणि पिंपाच्या दोन्ही कड्या घट्ट धरून ठेवल्या.

वर आल्या त्या खालच्या मजल्यावरच्या शारदाबेन. काखेत वर्तमानपत्रांचा गठ्ठा. त्यांनी मला पाहिलं, खाली वाहणारं पाणी पाहिलं. "अली, शुं करे छे?" त्या म्हणाल्या. मावशीनं आतून विचारलं, "किती जण आहेत?" शारदाबेननी इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "हुं एकली ज छुं, बेन." तेवढ्यात रेडिओनं शेवटची मोठी गुळणी केली आणि माझ्याखालचं झाकण एकदम खाली बसलं. बुडाला.

मराठीत छापा म्हणजे धाड. गुजरातीत छापुं म्हणजे वर्तमानपत्र, आणि एकाहून जास्त असली की छापां. पेपर वाटणाऱ्यांचा संप झाला होता, चार दिवस पोळीत, म्हणजे आमच्या चिंचोळ्या गल्लीत, एकही पेपर आला नव्हता आणि त्या सकाळी चारही दिवसांचे एकदम आले. शारदाबेनना पेपरचं व्यसन होतं. त्यांनी खालच्या ओटल्यावरून सगळ्या पोळीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "छापां आव्यां! बधां भेगां आव्यां!" एरवी त्या पेपरच म्हणायच्या. त्या दिवशी आनंदाच्या भरात छापां म्हणाल्या. मला बडोद्याला येऊन दोन महिने झाले होते. मला समजलं ते एवढंच, की छापा आला आणि सगळे मिळून आले. मी बोंबलत आत गेले, "मावशी, छापा आला!" मावशीला गुजराती पाण्यासारखं येत होतं, पण तिचा डोळा लागला होता, तिनं शारदाबेनचं ओरडणं ऐकलंच नव्हतं. तिनं माझं मराठी ऐकलं, आणि मराठीत मी काही चुकीचं बोलले नव्हते.

मी बडोद्याला कशी आले ते सांगते. साताऱ्याकडच्या आमच्या गावात माझ्या चुलत बहिणीला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या आईनं पोहे खाता खाता विचारलं, "मुलीनंच केले का?" सगळे हो म्हणाले. मी दारात उभी होते. मी म्हटलं, "हे मी केलेत. ताईचे करपले, ते म्हशीला घातले." पाहुणे पोहे संपवून गेले ते गेलेच. चुलतीनं आठवडाभर आमच्याकडं तोंड वळवलं नाही. त्याच्या आधीही मी असं काही काही बोलले होते, ते सगळं तेव्हा एकत्र बाहेर निघालं. आई म्हणाली, हिची जीभ हिला खाणार. मग शेजारच्या गावच्या तंबाखूच्या दुकानदाराचं नाव निघालं. बायको वारलेली, पदरात दोन मुलं, वय माझ्या बापाहून चार-पाच वर्षांनी कमी. मुलगी कशीही चालेल, असं तो म्हणाला होता. वैशाखात लग्न करायचं ठरत आलं आणि तेवढ्यात बडोद्याहून पत्र आलं, की मावशी पोळीच्या पायऱ्यांवरून घसरली, पाय मोडला, तिला मूलबाळ नाही, घरात हाताशी कुणीतरी पाठवा. आईनं मला पाठवलं. गाडीत बसवताना तिनं सांगितलं, "मावशीला पसंत पडलीस तर ती ठेवून घेईल. नाही पडलीस तर वैशाख आहेच." मला तंबाखूवाला एकदाच दिसला होता. त्याच्या बोटांना कायम भुकटी लागलेली असायची आणि तो त्याच बोटांनी पोरांची नाकं पुसायचा. मी ठरवलं की पसंत पडायचं.

मावशीनं पहिल्याच दिवशी अट घातली. "घरात काय बोलायचं ते बोल. पण तिसरं माणूस आलं की तोंड मिटायचं. कुणी काही विचारलं तर हसायचं." मला हसणंही धड जमत नव्हतं. शारदाबेननी पहिल्या आठवड्यात जिन्यात गाठून विचारलं, "तुं नवरी छे?" गुजरातीत त्याचा अर्थ, तू मोकळी आहेस का, काही काम नाही ना. मी अट विसरून म्हटलं, "अजून नाही. वैशाखात करणार म्हणतात." शारदाबेनना हे मध्येच लग्नाचं कुठून आलं ते कळलं नाही. पण मावशीला ते कळलं, आणि तिनं आणखी बजावलं की हसायचंसुद्धा नाही, नुसती मान हलवायची.

आता मी बडोद्यातच, गोत्रीला, मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. सोसायटीचा फोनवर ग्रुप आहे. परवा मी त्यात विचारलं की लिफ्ट तीन महिने बंद आहे, दुरुस्तीचं काय ठरलं त्याचा कागद कुठं लावलाय. सेक्रेटरीनं ग्रुप असा करून टाकला की आता फक्त तोच बोलू शकतो. रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवतो. म्हणजे मला गप्प बसवणारी माणसं जन्मभर मिळत आली आहेत. मावशी निदान तोंडावर सांगायची आणि वर जेवायला घालायची.

जेवण मात्र मला सुरुवातीला जात नव्हतं. मावशी माझ्या आईची सख्खी बहीण, पण बडोद्यात राहून तिच्या आमटीत गूळ इतका वाढला होता की मी पहिल्या दिवशी ती पोळीबरोबर शेवटी खायची म्हणून बाजूला ठेवली. कढी गोड, भाजी गोड. रविवारी मावशीचे यजमान, आमचे काका, नाक्यावरून सेव-उसळ आणायचे, ती तेवढी झणझणीत. त्या तर्रीवर मी सोमवार-मंगळवारपर्यंत तग धरायचे. भाषेचंही तसंच. मावशी म्हणायची, "बारी उघड." मला वाटायचं कुणाची पाळी आहे. बारी म्हणजे खिडकी हे कळायला मला चार दिवस लागले आणि तोवर घरात वारा नव्हता. घडियाळी पोळीत घरं एकमेकांना इतकी चिकटून होती की समोरच्या घरात फोडणी पडली की आमच्याकडं शिंक यायची. सकाळी पितळी भांडी घासल्याचे आवाज, कबुतरं, धुणं धोपटणं, मग शारदाबेनचं मोठ्यानं पेपर वाचणं. त्या वाचायच्या स्वतःसाठीच, पण ऐकायची सगळी पोळ. आणि संध्याकाळी आमचा रेडिओ.

काका रेल्वेत मालाच्या कचेरीत कारकून होते. बारीक, नीटनेटके, भित्रे. बातम्या लागल्या की ते टोपी घालून बसायचे, मंत्री घरात आल्यासारखे. रेडिओ लाकडी, लहान मुलीच्या ट्रंकेएवढा, पुढं पिवळं कापड आणि हिरवा डोळा. तो काकांच्या चुलत्यांचा. ते वारले आणि रेडिओ काकांकडं आला. तेव्हा रेडिओ घरात ठेवायला सरकारचं लायसन लागायचं. हे आताच्या पोरांना सांगितलं की त्यांना वाटतं म्हातारी भ्रमली. पण लागायचं. बंदुकीला लागतं तसं ऐकायला लागायचं. लायसन वारलेल्या चुलत्यांच्या नावावर होतं. काका ते आपल्या नावावर करून घ्यायला कचेरीत गेले, एकदा नाही, चारदा. ती सगळी कथा ते मला पाठ म्हणून दाखवायचे.

पहिल्या खेपेला खिडकीतला माणूस म्हणाला, "मूळ मालकाची सही आणा."

काका म्हणाले, "मूळ मालक वारले."

"मग त्यांनी आधी अर्ज करायला हवा होता."

"वारण्याच्या आधी?"

"नंतर कसा करणार?"

काकांनी विचारलं, असा नियम आहे का. आहे म्हणाला. बघायला मिळेल का? नियम आतल्या खोलीत आहे. आतल्या खोलीत जाता येईल का? तसा नियम नाही. काका घरी आले आणि टोपी खुंटीला लावून अर्धा तास नुसते बसून राहिले. ते सरळ माणूस होते. आयुष्यात त्यांनी एकच बेकायदा गोष्ट केली, ती म्हणजे परवान्याशिवाय बातम्या ऐकल्या, आणि तीही टोपी घालून.

त्यांच्या कचेरीतल्या कुणाकडं तरी लायसनवाल्यांचा छापा पडला आणि काकांची झोप उडाली. सरकारी नोकराच्या घरात चोरटा रेडिओ सापडला तर नोकरी जाईल, असं त्यांच्या डोक्यात बसलं. मग त्यांनी घरात कवायत सुरू केली. ते जेवता जेवता एकदम टाळी वाजवून म्हणायचे, "छापा!" की मी उठायचं, उष्ट्या हातानं पुढच्या खोलीत पळायचं, भिंतीतला प्लग काढायचा, रेडिओ गोधडीत गुंडाळायचा, गव्हाच्या कोठीत उतरवायचा आणि वरून दोन मापं गहू ओतायचे. अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, एरियलची तांब्याची जाळी ताणली होती, तिच्यावर मावशीची लुगडी वाळत टाकायची. काका घड्याळ लावून बघायचे. एकदा मी नुसता रेडिओ लपवला आणि लुगडी टाकायला विसरले, तर ते म्हणाले, "गेली नोकरी," आणि हात धुऊन उठले. जेवले नाहीत. ते मला सारखं एकच सांगायचे. "रेडिओ गेला तरी चालेल. कुणाच्या दृष्टीला पडता कामा नये."

त्या बुधवारी गहू अगाशीवर उन्हात होते. कोठी धुऊन तिथंच पालथी घातली होती. राहिलं पिंप. मला पिंपात पाणी आहे हे माहीत होतं, मीच सकाळी भरलं होतं, उगाच खोटं कशाला सांगू. मला वाटलं, लुगडं वाळतं तसा रेडिओही वाळेल. आत काय असतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. आडवा मावेना म्हणून उभा घातला.

शारदाबेननी आणि मी मिळून तो बाहेर काढला. त्याच्या प्रत्येक भोकातून पाणी येत होतं. हिरवा डोळा मिटला होता. शारदाबेन इतक्या हसल्या की त्यांना जिन्यावर बसावं लागलं. "आ छोकरीए रेडियोने नवडाव्यो!" पोरीनं रेडिओला आंघोळ घातली. मावशी खाटेवरून ओरडत होती, काय झालंय ते कुणीतरी सांगा. तिला सांगितल्यावर तिनं आधी घड्याळ पाहिलं. मग म्हणाली, "यांना कोण सांगणार?"

यांना कुणी सांगायची वेळच आली नाही. काका नाक्यावर आले तेव्हाच त्यांना कळलं होतं. सगळ्या पोळीला कळलं होतं. पोरं मला विचारत होती, "साबु लगाड्यो?" काका वर आले, पिंपाकडं पाहिलं, अगाशीवर गेले. मी रेडिओ उन्हात गव्हाशेजारी ठेवला होता, मागची फळी उघडून. आत काचेचे दिवे असतात हे मला तेव्हा कळलं. खाली येऊन काका माझ्याकडं न बघता खाटेशी गेले. मावशीला म्हणाले, "शनिवारच्या गाडीनं हिला पोचवायची व्यवस्था करतो." मावशी म्हणाली, "माझा पाय?" ते म्हणाले, "पाय बरा होईल. रेडिओ होणार नाही."

मी रडले नाही. रडून कुणाचं काही बदललेलं मी पाहिलं नव्हतं. माझी ट्रंक मी त्याच संध्याकाळी भरली, कारण भरायला काही फारसं नव्हतं. वैशाखाला वीस-पंचवीस दिवस होते. मावशीनं मला त्या दिवशी आमटीत गूळ न घालता वेगळी वाटी काढून दिली, त्यावरून मी समजले की खरंच जायचं आहे.

काकांनी गुरुवार-शुक्रवार रजा टाकली आणि रेडिओचा एकेक भाग सोडवून धोतरावर वाळत घातला. शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला जिन्यावर पुन्हा पावलं वाजली. या वेळी कुणी काही ओरडलं नव्हतं. आला तो लायसनचा इन्स्पेक्टर. झालं असं होतं, की नाक्यावरच्या पानाच्या दुकानात हा माणूस पान खायला थांबला आणि पानवाल्यानं त्याला पोळीतली ताजी गंमत सांगितली. पानवाल्याला तो कोण हे ठाऊक नव्हतं. इन्स्पेक्टर गोल चेहऱ्याचा, घामानं निथळत होता. काखेत जाड काळी चोपडी, चोपडीवर सोनेरी तीन सिंह. तीन जिने चढून आल्यामुळे त्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्यानं आधी पाणी मागितलं. मी दिलं. पिंप तीनदा घासलं होतं तरी पाण्याला वार्निशचा वास येत होता. त्यानं एक घोट घेतला, पेल्याकडं पाहिलं, पिंपाकडं पाहिलं आणि पेला खाली ठेवला. "रेडियो क्यां छे?" म्हणाला.

काका अगाशीवर होते. इन्स्पेक्टर वर गेला, मी मागोमाग. काका मांडी घालून बसले होते, समोर धोतरावर तारा, काचेचे दिवे, लाकडाची पेटी, कर्णा. चोर मुद्देमालासकट सापडावा तसे. ते उठून उभे राहिले आणि त्यांचे ओठ हलायला लागले, पण आवाज नाही. शेजारच्या अगाश्यांवर माणसं जमायला लागली. शारदाबेन पदरानं तोंड झाकून आमच्याच अगाशीच्या दारात उभ्या, त्यांना आता हसू येत नव्हतं.

"आ सेट कोनो छे?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

काकांनी हात जोडले. मला दिसत होतं की आता ते सगळं सांगणार, चुलत्यांपासून. तेवढ्यात खालून मावशीचा आवाज आला. ती खाटेवरून उतरून, प्लास्टर फरफटत जिन्याच्या पायथ्याशी आली होती. "गप्प का उभी राहिलीस गं? एरवी जिभेला हाड नसतं तुझ्या! बोल की!"

दोन महिने साठलं होतं. मी म्हटलं, "साहेब, हा सेट नाही. हे लाकूड आणि काचा."

त्याला मराठी समजत होतं, बडोद्यात सगळ्यांना समजतं. तो म्हणाला, "रेडियो छे, छोकरी. मने मूरख न समज."

"मग वाजवून दाखवा."

पलीकडच्या अगाशीवर कुणीतरी हसलं. इन्स्पेक्टर म्हणाला, "वागे के ना वागे, सेट एटले सेट. नियम छे." वाजो न वाजो, सेट तो सेटच.

"कुठाय?"

"शुं?"

"नियम. दाखवा की. न वाजणाऱ्या रेडिओला लायसन लागतं असं लिहिलंय ते दाखवा. लिहिलं असलं तर काका भरतील दंड."

काकांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी त्यांना अगाशीवरून ढकलते आहे. इन्स्पेक्टरनं काळ्या चोपडीवर हात आपटला. "आमां छे."

"मग उघडा."

"ए सरकारी चोपडी छे. पब्लिकने न बतावाय."

"नियम आमच्यासाठी आणि चोपडी तुमच्यासाठी? मग आम्हाला कळणार कसं की आम्ही काय मोडलं?" हे मी काही फार विचार करून बोलले नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. पण शाळेत गुरुजी छडी मारायच्या आधी पुस्तक उघडून चूक दाखवायचे, एवढं मला माहीत होतं.

शारदाबेन दारातून म्हणाल्या, "साची वात छे. वांचवा दो ने, साहेब!" मग शेजारच्या अगाशीवरून, "वांचवा दो!" मग समोरून. चार दिवस पेपर न मिळालेली पोळ होती ती, वाचण्याच्या बाबतीत हळवी झाली होती. इन्स्पेक्टर म्हणाला, इंग्रजीत आहे, तुम्हाला काय कळणार. मी म्हटलं, "काकांना इंग्रजी येतं. रोज कचेरीत तेच लिहितात. त्यांना द्या."

त्यानं चोपडी एकदम दिली नाही. आधी स्वतः उघडली, दोन-चार पानं उलटली, पुन्हा मागं गेला. कपाळ पुसलं. मला तेव्हाच शंका आली, कारण मी पहिलीत असताना पुस्तक असंच धरायचे. शेवटी त्यानं ती काकांच्या हातात कोंबली. काकांनी खिशातून चष्मा काढला, लावला, आणि सवयीनं टोपी शोधली, ती नव्हती. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग हळूच म्हणाले, "हे रजेचे नियम आहेत."

"शुं?"

"सरकारी नोकरांच्या रजेचे. किरकोळ रजा, आजारपणाची रजा, अर्धपगारी रजा." काकांचा आवाज आला होता, कचेरीतला, कोरडा आणि बिनचूक. "रेडिओचं यात काही नाही." मग त्यांना राहवलं नाही, त्यांनी आणखी एक पान उलटलं. "अरे, यात सुट्टीला जोडून रजा मिळते असं लिहिलंय. आमचे साहेब तर म्हणतात मिळत नाही." ते खरोखर वाचत बसले. इन्स्पेक्टर उभा, सगळी पोळ उभी, आणि काका बोट ठेवून वाचताहेत.

कुणी हसलं नाही. हसतील असं मला वाटलं होतं, पण इन्स्पेक्टर पालथ्या कोठीवर बसला आणि त्याचा चेहरा बघून कुणाला हसू आलं नाही. तो म्हणाला, "चौद वरसथी फरुं छुं. कोईए जोवा नथी मांगी." चौदा वर्षं मी फिरतोय, कुणी बघायलाच मागितली नव्हती. त्याला इंग्रजी येत नव्हतं. कपाटातून कुणीतरी काढून दिली ती चोपडी तो घेऊन फिरत होता. सिंह बघूनच माणसं हात जोडायची. उघडायची वेळच आली नव्हती.

मावशी खालून ओरडली, "काय झालं? कुणी सांगेल का मला?" शारदाबेननी सांगितलं. मावशी म्हणाली, "मग त्यांना चहा द्या."

चहा झाला. इन्स्पेक्टरनं आपल्या वहीत गुजरातीत लिहिलं, ती वही मात्र त्यानं आपणहून मला दाखवली. सेट नाही, सामान आहे. काकांनी धीर करून त्याला चुलत्यांच्या सहीचं विचारलं. तो बशीतला चहा फुंकता फुंकता थांबला. "मरेलानी सही? कोणे कह्युं? मरणनो दाखलो आपो, बस." मयताचा दाखला द्यायचा, झालं. चार खेपांत काकांना हे कुणी सांगितलं नव्हतं. काका हसायला लागले. मी त्यांना तोवर हसताना पाहिलं नव्हतं, ते शिंकल्यासारखे हसायचे.

माहितीचा कायदा आला तेव्हा मी चांगली आजी झाले होते. नातीकडून मी एक अर्ज लिहून घेतला, की पूर्वी बंद पडलेल्या रेडिओला लायसन लागत होतं का, नियमाची नक्कल द्यावी. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. महिन्यानं उत्तर आलं, मागितलेली माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही. नात चिडली. मी नाही चिडले. पत्रावर माझं नाव होतं, खाली साहेबाची सही होती आणि तीन सिंह होते. आणि आमच्या त्या इन्स्पेक्टरकडंही नियम नव्हताच. ते पत्र मी डाळीच्या डब्याखाली ठेवलंय, डबा डुगडुगतो म्हणून.

रेडिओ वाळला. काकांनी तो पुन्हा जोडला आणि तो वाजला, पण त्याला कायमची सर्दी झाली. बातम्या देणारा प्रत्येक माणूस घोगरा, गाणारी प्रत्येक बाई घोगरी. लायसन काकांच्या नावावर झाल्यावर त्यांनी ते भिंतीला लावलं आणि मग टोपी न घालता बातम्या ऐकायला लागले.

शनिवारी माझी ट्रंक दाराशी होती. काका कचेरीत जायला निघाले, ट्रंकेला अडखळले, आणि म्हणाले, "ही वाटेत कुणी ठेवली?" मावशी म्हणाली, "आत ने गं ती." तेवढंच बोलणं झालं. दुपारी काकांनी माझ्या आईला कार्ड लिहिलं आणि टाकायला माझ्याकडंच दिलं. मी ते वाचलं, उघडं कार्ड होतं. "मुलीस येथेच ठेवून घेत आहोत. बोलते. उपयोगी आहे. लग्नाचे पुढे पाहू." मी ते कार्ड पेटीत टाकलं आणि पेटीच्या तोंडात हात घालून बघितलं की खरंच आत पडलं का.

तंबाखूवाल्याचं लग्न ठरल्या मुहूर्तावरच झालं, आमच्याच गावच्या वरच्या आळीतल्या सुमनशी. सुमन चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती, माझ्यापेक्षा हुशार, पण कधी बोलायची नाही. ती तिसऱ्या बाळंतपणात गेली. मी जगले.